रोमचा बाप आणि मिताक्षरेतील पुत्र

प्राचीन रोममध्ये मुलगा कॉन्सल म्हणून राज्य हाकू लागला तरी, बाप हयात असेतो कायद्याने त्याच्या मालकीची कवडी नसे. सैनिकी कमाईपुरती सूट मिळाली तीही ऑगस्टसच्या काळी. उलट विज्ञानेश्वराने, बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, मिताक्षरेत पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क सांगितला. बाप एकटा धनी नव्हे! आपण यावर खूश होतो. पण जरा थांबू या. त्याच रोममध्ये मृत्युपत्राविना बाप वारला, तर त्याच्या सत्तेखालची मुलगी भावाच्या बरोबरीने वारस होई. आपल्या मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली, देशभर २००५ साली मिळाला. आणि तो मागणारी बहीण अजून कित्येक घरांत माहेराला पारखी होते.