विहीर न उपसता नारू गेला

आपल्या शिरूर-दौंडकडं पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. पाणी खराब झालं की कुणी म्हणतं, उपसून टाका. पण उन्हाळ्यात उपसलेली विहीर भरायची कशी?

नारूची गोष्ट ऐका. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरताना पाय बुडायचे. नारू झालेल्याच्या पायातून जंताची पिल्लं पाण्यात सुटायची, बारीक सायक्लॉप्स ती गिळायचे. ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभरानं मीटरभर लांब नारू बाहेर यायचा. त्यावर औषध नव्हतं. काडीला गुंडाळून रोज थोडा ओढायचा.

१९८३-८४ साली देशात नारू निर्मूलन सुरू झालं, त्यात महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, सायक्लॉप्स मारायला टेमीफॉस टाकलं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला.

घरोघर पाणी गाळलं ते बायकांनीच. तेव्हा पिण्याच्या विहिरीत पोहू देऊ नका. टीसीएल कधी टाकली, हे ग्रामपंचायतीला विचारा, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी भरा.