बिअर, उकाडा आणि बराकी

फौजींच्या खाण्यापिण्यावर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: "कर्नलसाहेब, घरी बिअर करता येते का? आणि केली तर ती आंबट का होते?" निवृत्तीनंतर मी चेन्नईत, मैलापूरला राहतो. हा प्रश्न विचारायला याहून योग्य गाव नाही. उत्तर देतो, पण इतिहासातून. कृती आणि मापं सांगणार नाही. का, ते ओघात येईलच.

आधी बिअर म्हणजे काय ते थोडक्यात. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. ही भरड साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवली की पिष्टाची साखर होते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं निम्मं ठाऊक होतं. मग तो गोड रस गाळायचा, हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि दारू व वायू तयार करतं.

सगळी गोम या "गार करायचा" मध्ये आहे. एल जातीच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट वागतं, लागरचं त्याहून गारठ्यात, ८ ते १३ मध्ये. मैलापुरात मे महिन्यात रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारा उकाडा असतो. शेजारच्या मामींचं इडलीचं पीठ रात्रीत भांड्याबाहेर येतं, कारण आंबट करणारे जिवाणू या हवेवर खूश असतात. इडलीला ते हवेच असतात. बिअरच्या रसात शिरले की घात करतात. शिवाय यीस्टही उकाड्यात बिथरतं आणि जड, उग्र अल्कोहोल जास्त तयार करतं. सकाळी डोकं धरतं ते त्यामुळेही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. त्यांनी ती सोडवली नाही, टाळली. बिअर विलायतेहून मागवली. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती. कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्याची पिंपं खासगी व्यापारासाठी भरून आणत. प्रवास पाच-सहा महिन्यांचा, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. म्हणून या बिअरमध्ये हॉप भरपूर. हॉपमधला कडू अंश आंबट करणाऱ्या जिवाणूंना आवरतो. पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने हा व्यापार हॉजसनच्या हातून काढायला सुरुवात केली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, त्यामुळे तिथली बिअर स्वच्छ आणि चवीला करकरीत. आज "इंडिया पेल एल" म्हणून महागड्या ग्लासात मिळते तिची कुळकथा ही.

मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाज बाहेर उभं राहायचं आणि माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, लाटांचे तडाखे खात किनाऱ्यावर यायचा. बाटल्या गार करायला सोऱ्याचं पाणी. नंतर फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने तिकडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने हिंदुस्थानात आणला. मद्रासचं त्याचं बर्फघर १८४२चं. मैलापूरहून मरीनाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चालत गेलं की ती गोल इमारत आजही दिसते. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले, म्हणून आज ती विवेकानंदर इल्लम. माझा सकाळचा फेरा तिथवर असतो.

साहेबांचं असं भागलं. शिपायाचं काय? त्याला परवडायचा तो अरक. बराकीत आजार, मारामाऱ्या आणि मृत्यू यांत अरकाचा वाटा मोठा होता. १८६३च्या रॉयल कमिशनच्या अहवालाबरोबर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने जी टिपणं लिहिली, त्यांत बराकीतल्या दारूवर कडक कोरडे आहेत. तेव्हा शिपायाच्या हाती अरकाऐवजी बिअर देणं ही चैन नव्हती, सैन्य उभं ठेवायचा उपाय होता. पण विलायती बिअर महाग. मग इथेच करायची, आणि करायची तर थंड हवेत. म्हणून ब्रुअऱ्या डोंगर चढल्या: कसौली, सोलन, मरी, दक्षिणेत निलगिरी. कसौलीची एडवर्ड डायरची. जालियनवाला बागेतला जनरल डायर त्याचाच मुलगा. पुण्याजवळ दापोडीतही मीकिनची ब्रुअरी होती. मी त्याच दापोडीत, सीएमईमध्ये शिकलो, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

डोंगराची गरज संपवली ती कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राने. १८७०च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीत त्याचे पहिले प्रयोग झाले. १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिणेतल्या पाच लहान ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज काढली.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न, बाटल्या का फुटतात? साखर संपायच्या आत झाकण लावलं म्हणून. आत वायू तयार होतच राहतो. आम्ही बॅटरीचं आम्ल मोजायला जो हायड्रोमीटर वापरायचो, त्याचाच भाऊ इथे लागतो. रसाची घनता १.०५० वरून १.०१० च्या आसपास उतरून दोन-तीन दिवस तिथेच थांबली, तर काम संपलं. तेव्हा दारूचं प्रमाण साधारण पाच टक्के.

आणि तिसरा, सर्वांत गंभीर. घरच्या बिअरने आंधळेपण येतं का? सातूच्या आंबवणीत मिथेनॉल अत्यल्प असतं, त्याने कुणी आंधळं होत नाही. माणसं मरतात ती कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. २०१५ मध्ये मालवणीत शंभराच्या वर गेली, जून २०२४ मध्ये इथून जवळच कल्लकुरिचीत साठाच्या वर. बहुतेक हातावर पोट असणारी. कुणी अशी दारू पिऊन "धूसर दिसतंय" म्हणालं, तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

कृती न सांगण्याचं कारण कायदा. राजाजींनी १९३७ मध्ये सेलमपासून दारूबंदी सुरू केली, तोच कायदा दुरुस्त्यांसह इथे चालू आहे. १९७१ मध्ये बंदी उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. आज दुकानं सरकारच चालवतं, पण परवान्याशिवाय गाळणं किंवा आंबवणं गुन्हाच. महाराष्ट्रातही १९४९चा कायदा तेच म्हणतो. ब्रिटनने घरच्या बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढला, अमेरिकेने १९७८ मध्ये मुभा दिली. आपल्याकडे हॉटेलवाल्याला छोटी ब्रुअरी काढता येते, गृहस्थाला पाच लिटरही नाही. हा भेद मला पटत नाही, पण कायदा आहे तोवर पाळायचा.

पुण्यात २००९ मध्ये अशी एक छोटी ब्रुअरी निघाली, नाव डूलॅली. हा शब्द आपल्या देवळालीचा. मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले टॉमी वेडेपिसे होत, त्यावरून. त्या छावणीची गोष्ट पुढच्या भागात.