अँटिव्हायरसची कुळकथा

घरच्या संगणकावर कोणते अँटिव्हायरस बसवावे, हा प्रश्न सामान्यतः व्हायरस पकडण्याची क्षमता, संगणक मंदावण्याचे प्रमाण आणि किंमत या तीन कसोट्यांवर सोडवला जातो. परंतु या कसोट्या ज्या काळात घडल्या त्या काळाचा धोका वेगळा होता, संगणक वेगळा होता आणि अँटिव्हायरस या नावाखाली विकली जाणारी वस्तूही वेगळी होती.

या वस्तूचा आद्य पूर्वज म्हणून ‘रीपर’चे नाव घेण्याची प्रथा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील बीबीएन या संस्थेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा एक प्रायोगिक प्रोग्राम लिहिला, जो अर्पानेट या जाळ्यावरून एका पीडीपी-१० संगणकावरून दुसऱ्यावर जाऊन एक खोडकर संदेश छापत असे; त्याला शोधून पुसण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी रीपर रचला. तथापि रीपर स्वतःही एका संगणकावरून दुसऱ्यावर भटकत असल्यामुळे, एका जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या फायली तपासणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरशी त्याचे नाते दूरचेच म्हणावे लागते.

खरा पाया शास्त्रीय स्वरूपाचा आहे. फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्राममध्ये घुसवणारा प्रोग्राम प्रात्यक्षिकासह दाखवला, आणि त्यांचे मार्गदर्शक लिओनार्ड ॲडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले. याच अभ्यासात कोहेन यांनी असेही सिद्ध केले की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की समजा असा अचूक परीक्षक अस्तित्वात आहे, तर त्यालाच पोटात घेऊन एक प्रोग्राम लिहिता येतो, जो स्वतःविषयी परीक्षकाचे मत विचारतो, ‘व्हायरस’ असे उत्तर आल्यास काहीच करत नाही आणि ‘निर्दोष’ असे उत्तर आल्यास पसरू लागतो. म्हणजे परीक्षक काहीही म्हणाला तरी तो खोटाच ठरतो. अँटिव्हायरसचा व्यवसाय सुरू होण्याआधीच त्याची मर्यादा अशी गणिताने आखून दिली होती, आणि संपूर्ण संरक्षणाची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष उपद्रव मात्र फ्लॉपीवरून आला. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला व्हायरस मानला जातो. संगणक सुरू होताना डिस्कवरचा जो पहिला तुकडा वाचतो त्याला बूट सेक्टर म्हणतात. ब्रेन तेथे ठाण मांडून मूळ तुकडा दुसरीकडे हलवत असे आणि कोणी बूट सेक्टर तपासू लागल्यास त्याला तो हलवलेला, निर्दोष तुकडाच दाखवत असे. लपण्याची ही कला इतक्या लवकर अवगत झाली होती, आणि तरीही आतल्या मजकुरात लेखकांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक राजरोसपणे नोंदलेले होते!

१९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत प्रतिकार एकाच वेळी अनेक ठिकाणी उभा राहिला. जर्मनीत बर्न्ड फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ हा व्हायरस काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला, अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी आपली कंपनी काढली, ब्रातिस्लाव्हात पीटर पाश्को व मिरोस्लाव्ह त्र्न्का यांनी ‘नॉड’ तयार केले आणि प्राग येथे पावेल बाउदिश यांनी व्हिएन्नाचाच अभ्यास करता करता पुढे ‘अवास्ट’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या साधनाचा आरंभ केला. या पहिल्या पिढीची रीत एका रोगावर एक औषध अशी होती. व्हायरसांची संख्या वाढताच प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम देणे अशक्य झाले, तेव्हा प्रत्येक व्हायरसमधील ओळख पटवणारा अक्षरक्रम, म्हणजेच सिग्नेचर, काढून अशा सिग्नेचरांची यादी प्रोग्रामसोबत देण्याची पद्धत रूढ झाली. यादी जुनी झाली की सॉफ्टवेअर निकामी होते, म्हणून ती वरचेवर नवी करावी लागते, आणि ग्राहकाने दरवर्षी पैसे भरून ‘रिन्यू’ करण्याची जी पद्धत आज अंगवळणी पडली आहे तिचे मूळ या तांत्रिक गरजेत आहे. १९९० पासून प्रत्येक प्रतीत आपले रूप बदलणारे व्हायरस आले आणि यादी अपुरी पडू लागली; तेव्हा संशयित प्रोग्राम आधी आभासी संगणकात चालवून पाहणे, त्याच्या वर्तनावरून अंदाज बांधणे, अशा युक्त्या योजाव्या लागल्या. अंदाज आला की चूकही आली, आणि निर्दोष फायलीला व्हायरस ठरवण्याचा दोष या सॉफ्टवेअरमध्ये बळावला.

भारतातील अध्यायात एक मराठी आडनाव अनपेक्षितपणे येते. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ हा बूट सेक्टरचा व्हायरस वर्षभर गुपचूप पसरत असे आणि ५ जानेवारीला संगणक अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करण्याचा आग्रह धरत असे. शुभेच्छा दिल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीत टिकून राही, त्यामुळे वीज बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करणे हाच उपाय होता. अशा बाधित संगणकांचा ओघ ज्या दुरुस्तीच्या दुकानांत येत असे, त्यांपैकी पुण्यातील कैलाश काटकर यांच्या दुकानातून ‘क्विक हील’ जन्माला आले. मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले, १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदली गेली, २००७ मध्ये तिने उत्पादनाचेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. महाराष्ट्रातील अनेक घरांत अँटिव्हायरसची निवड दीर्घकाळ संगणक जोडून देणाऱ्या दुकानदारानेच केली, ती या व्यवसायाच्या वाढीशी सुसंगतच होती.

निवडीमागे भीतीचाही हात होता. ‘मिकेलेंजेलो’ हा व्हायरस ६ मार्च १९९२ रोजी लाखो हार्ड डिस्क पुसून टाकील असा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष हानी त्या मानाने किरकोळ निघाली, पण अँटिव्हायरसची विक्री जोरात झाली. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये म्हणून स्वतंत्र परीक्षणाची परंपरा आली: १९८९ मध्ये निघालेले ‘व्हायरस बुलेटिन’ हे नियतकालिक, जर्मनीतील एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज. मात्र या चाचण्यांत आघाडीच्या उत्पादनांमधला फरक बहुधा इतका थोडा असतो, की केवळ पकडण्याच्या टक्केवारीवरून केलेली निवड फारशी अर्थपूर्ण राहत नाही.

किमतीची कसोटीही बदलत गेली. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत अँटिव्हायरस दिले होते, पण ते लवकरच कालबाह्य झाले. २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ मोफत आले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हे पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच अंतर्भूत झाले. मोफत मिळणाऱ्या इतर उत्पादनांची किंमत कधी कधी वेगळ्या मार्गाने वसूल झाली: अवास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही स्पर्धक वाटणारी चार नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, आणि अमेरिकन सरकारने २०२४ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली ती त्याच्या व्हायरस पकडण्याच्या क्षमतेमुळे नव्हे, तर कंपनीच्या रशियन संबंधांमुळे. संगणकावरील प्रत्येक फाइल उघडून पाहण्याचा अधिकार ज्याला द्यायचा त्याच्यावर विश्वास किती, हा मुद्दा आता टक्केवारीपेक्षा मोठा झाला आहे.

विंडोज ११ वापरणाऱ्या बहुतेक घरांना डिफेंडर पुरेसे आहे. तांत्रिक मदतीसाठी मराठीत बोलणारा माणूस हवा असेल किंवा मुलांच्या वापरावर अधिक नियंत्रण हवे असेल, तर विकतचे घेण्यात गैर काही नाही. मात्र सतत पहारा ठेवणारी दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर बसवू नयेत, कारण ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमित आधार संपलेल्या विंडोज १० वर, वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय न घेता, महागडे अँटिव्हायरस बसवणे हा पैशाचा अपव्ययच होय. त्या पैशात एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवावी.