पाणी बघून धुणारं यंत्र



आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन आलं, त्या दिवशी सुनेनं मला बजावलं होतं, "आई, यात पाण्याचा गढूळपणा ओळखणारा सेन्सर आहे. पावडर सांगितलीय तेवढीच घालायची." मी हो म्हटलं. आणि ती ऑफिसला गेली की रोज एक चमचा जास्त घालत राहिले. फेस आल्याशिवाय मळ निघतो, हे माझ्या मनाला पटतच नव्हतं.

पंधरा दिवसांनी लक्षात आलं, की तिनं लावलेलं धुणं वेळेत उरकतं आणि मी लावलेलं लांबत जातं. मशीन बिघडलं असं समजून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पावडरचा कप्पा उघडून बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "काकू, पावडर किती घालता?" मशीन ठणठणीत होतं. फेस जाईना, पाणी नितळ होईना, म्हणून ते आपणहून आणखी एकदा कपडे विसळत होतं. माझ्या एका चमच्यापायी रोज जास्तीचं पाणी मोरीतून वाहून जात होतं.

आपण पाणी गाळून पिणाऱ्या बायका. पाण्याच्या थेंबातही जीव असतो, गरजेपेक्षा जास्त पाणी सांडणं हीसुद्धा हिंसा, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं. आणि मी स्वच्छतेच्या नावाखाली हे करत होते. मला खरंच लाज वाटली. मग हे यंत्र पाणी 'बघायला' शिकलं कधी आणि कसं, ते मी वाचून काढलं.

गोष्ट सुरू होते एका गणिती कल्पनेपासून. लोत्फी झादे हे १९२१ साली बाकू शहरात जन्मले, तेहरानमध्ये शिकले आणि पुढे अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६५ साली त्यांनी 'फजी सेट्स' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. म्हणणं अगदी साधं होतं. संगणकाला फक्त 'हो' किंवा 'नाही' कळतं, पण माणसाचं रोजचं बोलणं तसं नसतं. आपण 'जरा गरम', 'बऱ्यापैकी उंच', 'फारसा मळला नाही' असं म्हणतो. या 'जरा' आणि 'बऱ्यापैकी'लाही गणितात जागा द्यायला हवी, असं झादे सांगत होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्वानांना ते रुचलं नाही. एवढ्या ढिसाळ कल्पनेला शास्त्र म्हणायचं का, अशी टीका झाली.

पण खरं सांगा, धुण्याचा ढीग वेगळा करताना आपण दुसरं काय करतो? एकदाच अंगावर घातलेली साडी, मुलांची मातीनं माखलेली पँट, स्वयंपाकघरातलं तेलकट फडकं. प्रत्येकाचा मळ वेगळा आणि प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा. आपल्या हाताला हे गणित आधीपासून येत होतं.

१९७०च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी या कल्पनेवर एक छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. तिला खरा आसरा मिळाला तो जपानमध्ये. १९८७ साली सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे फजी पद्धतीनं धावू लागली. आणि १९९० साली मात्सुशिता कंपनीनं या पद्धतीचं वॉशिंग मशीन बाजारात आणलं. त्याच्या नावात 'आइसाइगो' असा शब्द होता. अर्थ साधारण 'लाडक्या बायकोचं मशीन' असा! मशीन लाडक्या बायकोचं म्हणजे धुणंही तिनंच धुवायचं, हे जपानमध्येही ठरलेलंच होतं म्हणायचं.

त्या यंत्राची युक्ती बघण्यासारखी आहे. पाणी जिथून जातं, तिथे एका बाजूला प्रकाश सोडणारा बारीक दिवा आणि समोर तो प्रकाश टिपणारा भाग. पाणी नितळ असेल तर प्रकाश आरपार जातो, गढूळ असेल तर अडतो. धुणं सुरू झालं की मळ सुटतो आणि पाणी गढूळ होत जातं. गढूळपणा वाढायचा थांबला, म्हणजे निघण्यासारखा मळ निघाला. मातीचा मळ भराभर सुटतो, तेलाचा सावकाश. त्यामुळे किती वेळात पाणी गढूळ झालं, यावरून मळ कसला आहे याचाही अंदाज येतो. मग किती वेळ धुवायचं हे यंत्र ठरवतं.

सुरुवातीच्या यंत्रांत पावडर घरच्या बाईनंच घालायची होती. पुढे कपड्यांचं वजन, मळ आणि पाण्याचा जडपणा पाहून टाकीतून हवा तेवढाच द्रव साबण आपोआप घेणारी यंत्रंही आली. मात्र दुकानात 'फजी लॉजिक' अशी चिठ्ठी दिसली म्हणजे गढूळपणाचा सेन्सर असेलच असं नाही. पुष्कळ यंत्रं फक्त कपड्यांचं वजन बघतात. घेताना नीट विचारून घ्या.

आता कुणीतरी म्हणेल, की फजी लॉजिक म्हणजे आपला स्याद्वादच! मला तसं म्हणवत नाही. कपडा 'किती' मळला, ही मापाची गोष्ट झाली. स्याद्वाद सांगतो, की तुम्ही कोणत्या बाजूनं बघता ते आधी सांगा, मग बोला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली आणि हाल्डेन यांनी १९५७ साली स्याद्वादाबद्दल आदरानं लिहिलं. दोन्ही विचारांना 'हो-नाही'चा हट्ट मान्य नाही, एवढं साम्य पुरे. धर्माचा मान वाढवायला मशीन कशाला हवं?

पण बाजू बदलून बघायची सवय मला इथे उपयोगी पडली. सेन्सर बघतो ते फक्त मशीनमधलं पाणी. मोरीतून गेलेल्या पाण्याकडे कोण बघतं?

याचंही उत्तर जपानमध्येच सापडलं, तेही या यंत्राच्या आधीच्या काळात. शिगा प्रांतात बिवा नावाचं प्रचंड सरोवर आहे. क्योतो आणि ओसाकाकडच्या लोकांनाही त्याचंच पाणी मिळतं. १९७७च्या मे महिन्यात ते पाणी तांबूस झालं आणि त्याला दुर्गंधी सुटली. सूक्ष्म शेवाळ बेसुमार वाढलं होतं. त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टींत घराघरांतल्या कपड्यांच्या पावडरीतला फॉस्फरसही होता. हे कळल्यावर तिथल्या गृहिणी हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्यांनी ती पावडर सोडली, साध्या साबणाची पूड वापरायला घेतली आणि दारोदारी जाऊन इतरांना समजावलं. १९७९ साली प्रांतानं नियम केला, १९८० च्या जुलैपासून तो लागू झाला. फॉस्फरसवाली पावडर विकायची नाही, वापरायची नाही आणि कुणाला भेटही द्यायची नाही! पुढे कंपन्यांनीच बिनफॉस्फरसच्या पावडरी आणल्या.

पाण्यात विरघळलेला फॉस्फरस डोळ्याला दिसत नाही, आणि दिव्याच्या सेन्सरलाही नाही. नितळ दिसणारं पाणी निर्मळ असेलच असं नाही. ते त्या बायकांनी ओळखलं, कारण त्या मोरीच्या पलीकडे बघत होत्या.

माझ्या सासूबाई धुणं तीन पाण्यांतून काढायच्या. तिसरं पाणी तांब्यात घेऊन उजेडाकडे तोंड करून निरखायच्या, आणि तेच पाणी अंगणातल्या तुळशीपासून लांब, केळीच्या आळ्यात ओतायच्या. केळ सुकायला लागली की म्हणायच्या, "अगं, सोडा जास्त झालाय." म्हणजे मशीनचा सेन्सर आमच्या घरात आधीपासूनच होता, आणि मोरीच्या पलीकडे बघणाराही.

आता मी चमचा सपाट भरते, शीग लावत नाही. तुम्हीही एकदा धुतलेला टॉवेल बिनपावडरीच्या कोमट पाण्यात खळबळून बघा. फेस आला, तर आजवर तुम्हीही माझ्यासारखंच केलंय. सुनेला मात्र मी चमच्याची गोष्ट अजून सांगितलेली नाही. आज हे वाचेल तेव्हा कळेलच.