किशोरवयातील नैराश्य: घरच्यांनी कसे ओळखावे आणि काय करावे

किशोरवयीन मुलांना नैराश्य येते तेव्हा बरीचशी मुले रडत बसत नाहीत, ती चिडतात. साध्या प्रश्नाला उलट उत्तर देतात, दार लावून घेतात, जेवायला बोलावले तर "भूक नाही" म्हणतात. घरच्यांना वाटते की मुलगा उद्धट झाला, मुलगी हट्टी झाली. त्यामुळे आजार सुरू होऊन तीन-चार महिने होईपर्यंत घरात फक्त भांडणेच चालू असतात. मनोविकारशास्त्रातही मोठ्या माणसाच्या नैराश्यात 'उदासपणा' हे मुख्य लक्षण धरतात, मात्र मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत त्याऐवजी 'चिडचिड' असली तरी ती ग्राह्य धरली जाते.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील हे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. साठ मुलांच्या वर्गात साधारण चार मुले, असा त्याचा हिशेब होतो.

वयाचा स्वभाव की आजार?

या वयात मूड बदलतो, मित्र जवळचे वाटतात, आईवडिलांचे बोलणे टोचते. हे स्वाभाविक आहे. उशिरा झोपणेही काही अंशी शारीरिक आहे, कारण वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. मग फरक कसा करायचा? मी पालकांना तीन प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला, हा बदल किती दिवसांचा आहे? दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर त्याला मूड म्हणू नये. दुसरा, तो सगळीकडे दिसतो का? घरी तोंड पाडून बसणारा मुलगा मैदानावर गेला की खुलत असेल, तर काळजी कमी. पण क्रिकेट सुटले, मित्रांचे फोन घेणे बंद झाले, आवडता कार्यक्रमही नकोसा झाला, तर लक्ष द्यायलाच हवे. तिसरा, रोजची कामे अडतात का? अभ्यास, अंघोळ, जेवण, झोप, शाळा-कॉलेजात जाणे यांत घसरण दिसते का? पहिल्या पाचात येणाऱ्या मुलीचे गुण एका सहामाहीत अचानक उतरले, तर "मोबाईलमुळे" हे उत्तर फार घाईचे ठरते. नैराश्यात लक्ष लागत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही, आणि मग मूल मोबाईलमध्ये डोके घालून बसते. तेव्हा मोबाईल हे कारण असेलच असे नाही, कधी कधी तो परिणाम असतो.

काही मुले मनाचे काहीच सांगत नाहीत, शरीराचे सांगतात. सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते, डोके दुखते, छातीत धडधडते, अंगात ताकद नसते. सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, सगळे नॉर्मल येते आणि कोणीतरी म्हणते, "नाटक करतोय." दुखणे खरे असते. रिपोर्ट नॉर्मल येणे म्हणजे त्रास नाही असे नव्हे. तरीही थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमतरतेतही थकवा आणि उदासपणा येतो. मुलींमध्ये रक्ताची कमतरता विशेष आढळते.

भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावर किंवा मांडीवर ओरखडे, सगळ्यांपुढे कपडे बदलायला टाळाटाळ, हेही पाहा. स्वतःला इजा करणारी सगळी मुले मरायला निघालेली नसतात. मनातली असह्य घालमेल थोडा वेळ थांबवण्याचा तो एक मार्ग असतो. तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि मारून तो थांबत नाही.

कारण एकच नसते

घरात कोणाला नैराश्य असणे, घरातील भांडणे किंवा दारू, शाळेतील छळ, प्रेमभंग, जवळच्या माणसाचा मृत्यू, दहावी-बारावी, नीट, जेईई यांचा ताण अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. कधी बाहेरून पाहता काहीच कारण सापडत नाही. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. मुलाकडेही त्याचे उत्तर नसते, आणि अपराधी वाटण्यात भर पडते. लैंगिक अत्याचाराची शक्यता मात्र मनात ठेवावी. ते करणारा बहुधा ओळखीचाच असतो आणि मूल ते आपणहून क्वचितच सांगते.

बोलायचे कसे

समोर बसवून "बोल, काय झालंय?" असे विचारले की बहुतेक मुले गप्प होतात. डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा ठिकाणी ती जास्त बोलतात: गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर फिरताना. सुरुवात आरोपाने करू नका, तुम्हाला काय दिसले ते सांगा. "महिनाभर तू नीट जेवत नाहीस, रात्री जागा असतोस, हे मला दिसतंय. मला काळजी वाटते. रागवायला नाही विचारत." एवढे बोलून थांबा. उत्तर लगेच येणार नाही, दोन दिवसांनी येईल.

मूल बोलू लागले की तोडगा सांगायची घाई होते. "योगा कर, लवकर ऊठ, सगळं ठीक होईल." हे सल्ले वाईट नाहीत, पण त्या क्षणी मुलाला ऐकू येते ते एवढेच की यांना माझे ऐकायचे नाही. आधी पूर्ण ऐकून घ्या. "बरं झालं सांगितलंस" हे वाक्य पुरेसे असते. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य टाळाच. होते, फक्त त्याला नाव नव्हते.

वडील कडक असतील तर बोलण्याची सुरुवात मावशी, काका, मोठी बहीण किंवा आवडत्या सरांनी करायलाही हरकत नाही. मुलाने कोणापाशी मन मोकळे केले याचा मान-अपमान करू नये.

आत्महत्येबद्दल विचारावे का?

होय, स्पष्ट शब्दांत. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. आधीच विचार येत असतील तर कोणीतरी विचारल्याने मुलाला हलके वाटते. "कधी असं वाटतं का, की जगायलाच नको? मरण्याचे विचार येतात का?" उत्तर हो आले तर ओरडू नका, शपथा घालू नका. पुढे विचारा: किती वेळा येतात, कसे करायचे हे ठरवले आहे का, तयारी केली आहे का? पद्धत किंवा वेळ ठरलेली असेल, आधी कधी प्रयत्न झाला असेल, मूल आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा निरोपाचे मेसेज पाठवत असेल, तर ही तातडीची वेळ आहे. मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

यासोबत घरात एक काम लगेच करा, ज्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. फवारणीची औषधे, तणनाशक, उंदरांचे औषध घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. आजीआजोबांच्या गोळ्यांचा डबाही. किशोरवयातील असे अनेक प्रयत्न भांडणानंतरच्या काही मिनिटांच्या आवेगात होतात. त्या वेळी हाताशी काही नसेल तर तो आवेग ओसरतो आणि मूल वाचते. मुलाने काही घेतल्याची शंका आली तर ते बरे दिसत असले तरी थांबू नका. काही विषांचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते. डबा किंवा पाकीट सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते.

मदत कुठे मिळते

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पालकही फोन करू शकतात. मुलांसाठी १०९८ आहे, तातडीला ११२. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार विभाग असतो, तेथे तपासणीचा खर्च फारसा येत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही हा विभाग असतो. गावात असाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. डॉक्टर मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतील. तुम्हाला बाहेर बसवले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जिवाला धोका असेल तर ते तुम्हाला सांगतातच. बाहेरचे पाहणाऱ्याकडे किंवा देवाला जाण्याची घरात श्रद्धा असेल तर त्यावरून भांडत बसू नका, पण त्यासाठी डॉक्टरांची भेट एक दिवसही पुढे ढकलू नका.

सौम्य नैराश्यात समुपदेशन, झोपेची घडी, रोजचा व्यायाम आणि घरातील ताण कमी करणे यानेच पुष्कळ मुले सुधारतात. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर बोलण्याच्या उपचाराबरोबर औषध लागते. किशोरांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध फ्लुऑक्सेटीन आहे. त्याची सवय लागत नाही, ही झोपेची गोळीही नव्हे. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ते सोडू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांची बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून या काळात जास्त लक्ष ठेवा आणि तसे वाटल्यास डॉक्टरांना लगेच कळवा. मूल दोन-तीन तास झोपूनही अति उत्साहात असेल, भरमसाट बोलत असेल किंवा कोणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर हा वेगळा आजार असू शकतो. घरात कोणाला बायपोलर विकार असेल तर तेही आधीच सांगा. बरे वाटू लागल्यावरही औषध बहुधा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. बंद करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

शाळा आणि परीक्षा

शाळेत किती सांगायचे हे मुलाला विचारून ठरवा. वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांना कळले तरी पुरते, सगळ्या वर्गाला कळण्याची गरज नाही. काही आठवडे क्लास कमी केले तर आभाळ कोसळत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेश मिळतो, बारावीसाठी निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. हे निकालाच्या आधीच, शांतपणे मुलाच्या कानावर घाला. निकालाच्या दिवशी घरात कोणीतरी मोठे माणूस थांबा, आणि नातेवाइकांचे फोन त्या दिवशी तुम्हीच घ्या.