टोमॅटो वाणांची तुलनात्मक चाचणी

टोमॅटोचे अनेक वाण एकाच शेतात, एकाच हंगामात, सारखे खत-पाणी देऊन वाढवायचे आणि त्यांचे उत्पादन व फळांची प्रत शेजारीशेजारी मोजायची, या शेतप्रयोगाला तुलनात्मक चाचणी म्हणतात. नवा वाण प्रसारित करण्यापूर्वी कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था अशा चाचण्या घेतात. बियाणे कंपन्याही आपापल्या प्रक्षेत्रांवर घेतात. चाचणीतला आकडा वाणाला कायमचा चिकटत नाही. त्या जमिनीत, त्या हंगामात, तुलनेसाठी शेजारी लावलेल्या तुल्य वाणापेक्षा तो किती पुढे किंवा मागे राहिला एवढेच त्यातून कळते. टोमॅटोच्या ‘विक्रमी’ वाणांविषयीच्या बऱ्याच बातम्या ही मर्यादा विसरून लिहिलेल्या असतात.

गहू-ज्वारीची चाचणी एका कापणीत आटोपते. टोमॅटोचे तोडे आठवड्यांमागून आठवडे चालतात. बुटक्या, ठरावीक वाढीच्या वाणाची फळे थोड्या दिवसांत एकदम येतात, तर तार-काठीवर चढवलेला सतत वाढीचा वाण दर तीन-चार दिवसांनी तोडा देत राहतो. या दोन गटांतला फरक मुळात एका जनुकाचा आहे. झाडाची वाढ आपोआप थांबवणारे हे उत्परिवर्तन १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडात आढळले आणि यंत्राने तोडायच्या टोमॅटोचा पाया त्यावर रचला गेला. दोन्ही गटांचे वाण एका चाचणीत कोंबले तर तुलना निरर्थक होते, कारण त्यांचे लागणीचे अंतर, बांधणी आणि पिकाचा काळ यांपैकी काहीच जुळत नाही. म्हणून भारतात ठरावीक वाढीचे आणि सतत वाढीचे वाण, तसेच सरळ वाण आणि संकरित वाण, वेगवेगळ्या चाचण्यांत लावतात.

मांडणीची पद्धत इंग्लंडमधल्या रोथॅम्स्टेड केंद्रातून आली. तिथे रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले की एका शेतातही जमीन सारखी नसते. त्यामुळे शेताचे गट पाडावेत, प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा यावा आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. त्यांची यावरील पुस्तके १९२५ आणि १९३५ साली निघाली. भारतीय कृषी पदवीधर मात्र हे शिकला ते व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथातून. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत आजही उद्धृत होतो. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले.

गट पाडण्याच्या या पद्धतीची किंमत एका हिशेबातून कळेल. समजा १२ वाण आहेत, ३ पुनरावृत्त्या, म्हणजे ३ गट, आहेत, सर्व वाणांची सरासरी हेक्टरी ६० टन आहे आणि विचलन गुणांक, म्हणजे सरासरीच्या प्रमाणात चाचणीतली अनिश्चितता, १० टक्के आहे. भाजीपाल्याच्या चाचणीत हा गुणांक चांगलाच म्हणायचा. तरीही दोन वाण खरोखर वेगळे म्हणायला ५ टक्के पातळीवर लागणारा क्रांतिक फरक, म्हणजे प्रक्षेत्रावरच्या बोलीत ‘सी.डी.’, सुमारे १० टन निघतो. म्हणजे ६६ टनांचा वाण आणि ५८ टनांचा वाण यांत चाचणीने काहीही निवाडा केलेला नसतो. चौथी पुनरावृत्ती घेतली तर हा फरक पावणेनऊ टनांच्या आत येतो. वाफे, मजूर आणि तोडणीचे काम मात्र तिसऱ्या हिश्शाने वाढते. तक्त्यात ६६ टनांचा वाण पहिला छापला जातो आणि वाचणारा सी.डी.च्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही. शेतकऱ्यांना दाखवायच्या प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये तर पुनरावृत्तीच नसते. रस्त्याकडेचा, चांगल्या निचऱ्याचा एकच तुकडा आणि त्यावर एकच वाण, हे पाहून वाणाची भुरळ पडते, पण त्याला चाचणी म्हणता येत नाही.

वाफ्याच्या काठच्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून त्यांची फळे मोजणीत धरत नाहीत. उंच वाणाची सावली शेजारच्या बुटक्या वाणावर पडू नये म्हणून मध्ये ओळी सोडतात. रोपांचे वय सारखे लागते. गादीवाफ्यावरची २५ दिवसांची रोपे आणि ट्रेमधली ४० दिवसांची रोपे एकत्र लावली तर पहिल्या तोड्याचा फरक वाणाचा की रोपाचा, हे सांगता येत नाही.

उत्पादन मोजताना एकूण वजन आणि विक्रीयोग्य वजन वेगळे लिहायचे असते, आणि खरी गोम इथेच आहे. तडकलेली, किडकी, शेंड्याला काळी पडलेली, उन्हाने करपलेली फळे बाजूला काढली की कित्येकदा क्रम उलटतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव वीस किलोच्या कॅरेटला ठरतो आणि कॅरेटमध्ये वरचा थर व खालचा थर सारखा असावा लागतो. म्हणून चांगला निरीक्षक सरासरी फळाच्या वजनासोबत फळांच्या आकारातला एकसारखेपणाही नोंदतो. लवकर येणाऱ्या फळांचे वजन, म्हणजे पहिल्या तीन-चार तोड्यांचे, वेगळे ठेवणेही शहाणपणाचे असते. टोमॅटोचा भाव महिन्याभरात कुठल्या कुठे जातो. त्यामुळे एकूण वजनात मागे पडलेला पण दहा दिवस आधी सुरू झालेला वाण पैशांत पुढे निघू शकतो.

एका झाडाचे वजन घेऊन ते हेक्टरवर गुणण्याची सवय मात्र घातक आहे. ९० × ३० सेंमी अंतरावर हेक्टरी सुमारे ३७,००० झाडे बसतात. झाडामागे २ किलो धरले तरी ७४ टन होतात, आणि हे उत्तम पीक झाले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण कर्नाटकात गाजला तो एका झाडाला १९ किलो फळे लागल्याच्या बातमीने. तेच वजन ३७,००० झाडांवर चढवले तर हेक्टरी ७०० टनांचा आकडा निघेल! संस्थेने स्वतः सांगितलेले उत्पादन हेक्टरी ७५ ते ८० टन आहे. या वाणाची खरी कमाई वेगळी आहे. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो एकाच वेळी तोंड देतो.

फळांची प्रत हा चाचणीचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असते. चव, रंग आणि सॉसचा उतारा हे सगळे उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत. विद्राव्य घन पदार्थ रिफ्रॅक्टोमीटरवर एका थेंबात मोजतात आणि अंश ब्रिक्समध्ये लिहितात. बाजारी वाणांत ते साधारण ४ ते ५ असतात. आम्लता सायट्रिक आम्लाच्या टक्केवारीत मांडतात. याशिवाय गराची जाडी, कप्प्यांची संख्या, फळाचा टणकपणा, लाल रंग देणारे लायकोपीन, क जीवनसत्त्व आणि खोलीच्या तापमानाला फळ किती दिवस टिकते, याही नोंदी होतात. सर्व फळे पक्वतेच्या एकाच टप्प्यावर तोडलेली हवीत. एका वाणाची गुलाबी आणि दुसऱ्याची पूर्ण लाल फळे तपासली तर लायकोपीनचा तक्ता वाणांचा न राहता तोडणीच्या दिवसाचा होतो.

उत्पादन आणि ब्रिक्स सहसा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. फळांची संख्या आणि आकार वाढला की पानांनी बनवलेली साखर अधिक गरात वाटली जाते. ८० टन उत्पादन आणि ४ ब्रिक्स असलेला वाण हेक्टरी ३.२ टन घन पदार्थ देतो. ६५ टन आणि ५ ब्रिक्सचा वाण ३.२५ टन देतो. प्रक्रिया कारखान्याला दुसरा परवडतो, कारण पंधरा टन फळांची वाहतूक वाचते आणि आटवायचे पाणी कमी. वजनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला पहिला परवडतो. दोघेही बरोबर असतात, आणि चाचणीचा अहवाल या दोघांपैकी कोणासाठी लिहिला आहे हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. शिवाय शेवटच्या तोड्यांआधी पाणी तोडले तरी ब्रिक्स वाढतो. तेव्हा पाण्याची नोंद नसलेला ब्रिक्सचा आकडा अर्धवटच.

चवीच्या बाबतीत पैदासकारांनी नकळत काय गमावले, हे अलीकडे उमगले. पिकताना देठाजवळ हिरवा खांदा राहू नये, सगळे फळ सारखे रंगावे म्हणून गेल्या शतकात जगभर एका विशिष्ट जनुकाचे वाण निवडले गेले. २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्या निवडीत कच्च्या फळातील हरितद्रव्य घडवणारा एक जनुक निकामी झाला होता आणि फळातील साखर कमी झाली होती. २०१७ साली त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जुन्या वाणांच्या तुलनेत आधुनिक व्यापारी वाणांत चवीची अनेक रसायने कमी आढळली. चाचण्यांच्या तक्त्यात रंगाचा रकाना होता, चवीचा नव्हता. आजही आपल्याकडे चाखणाऱ्यांचे मंडळ बसवून गुण देण्याची पद्धत इतर फळांवर जितकी वापरतात तितकी टोमॅटोवर नाही. आमटीत किंवा सारात घालायला महाराष्ट्रातली घरे पातळ सालीचा, चपटा, आंबट टोमॅटो शोधत असताना कॅरेटमध्ये मात्र जाड सालीचा, टिकाऊ, लांबट फळांचा वाण भरला जातो. तो दूरच्या बाजारापर्यंत फुटत नाही, आणि चाचणीत त्याला टणकपणाचे पूर्ण गुण मिळतात.

हवामानाचा हात फळाच्या रंगापर्यंत पोहोचतो. तापमान ३०-३२ अंशांच्या वर राहिले की लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळा-नारिंगी कॅरोटीन मात्र बनत राहतो. उन्हाळी टोमॅटो फिका, नारिंगी दिसतो तो त्यामुळे. रात्री उष्ण असल्या तर परागकण निकामी होऊन फुले गळतात. म्हणून महाराष्ट्रात खरीप, हिवाळी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत चाचणी न घेता वाणाची शिफारस करणे धाडसाचे ठरते. जमिनीचेही तसेच. राहुरीच्या काळ्या, विम्लधर्मी जमिनीत पहिला आलेला वाण कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत जिवाणूजन्य मरीने फुलोऱ्याआधीच झोपू शकतो. तिथे आधी मर-सहनशीलता, मग टनांची गोष्ट. ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ हे वाण याच गरजेतून निघाले. वाण आणि ठिकाण यांचा असा परस्परसंबंध मोजण्यासाठी एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत भारतीय संशोधकांच्या विशेष आवडीची आहे. ती वाणाची सरासरी आणि त्याचा स्थिरपणा दोन्ही तपासते.

रोगांनी चाचण्यांचे निकष अनेकदा बदलायला लावले. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती हिसारच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी जंगली सोलॅनम हॅब्रोकायटिस या जातीतून घेतली, आणि तिच्यातून आलेला ‘टी-वाय-२’ जनुक आज जगभरच्या संकरित वाणांत आहे. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर, अकोले परिसरात फळे पिवळी-लाल-हिरवी अशी डागाळून पिकू लागली. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले, आणि बंगळुरूला पाठवलेल्या नमुन्यांत प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू सापडला. पर्णगुच्छाला दाद न देणारे वाणही त्यात सापडले. एका विषाणूची सहनशीलता दुसऱ्यावर चालत नाही, एवढे त्या हंगामात महागात शिकावे लागले.

देशपातळीवर या चाचण्या १९७०-७१ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्पाखाली होतात. प्रकल्पाचे काम आता वाराणसीहून चालते. देशाचे आठ विभाग पाडले आहेत, वाणांना नावाऐवजी संकेतांक दिलेले असतात आणि प्राथमिक चाचणीनंतर प्रगत चाचणीच्या दोन पायऱ्या पार कराव्या लागतात. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्यातले एक केंद्र. ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ हे सरळ वाण आणि ‘राजश्री’, ‘फुले राजा’ हे संकर तिथले. त्यांपैकी ‘भाग्यश्री’ लायकोपीनसाठी आणि प्रक्रियेसाठी निवडलेला आहे. राज्यात चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे ‘जॉइंट ॲग्रेस्को’त, शिफारस मंजूर होते आणि नंतर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली वाण अधिसूचित करता येतो.

अधिसूचना सक्तीची नाही. खासगी संकरित बियाणे सत्यप्रत लेबलावर विकता येते, आणि महाराष्ट्रातल्या व्यापारी टोमॅटोखालचे बहुतेक क्षेत्र अशाच संकरांचे आहे. पूर्वी ‘वैशाली’, ‘रूपाली’, नंतर ‘अविनाश-२’, ‘अभिनव’. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणीसाठी वाणाची वेगळी चाचणी होते. ती वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य एवढेच तपासते; हेक्टरी किती टन निघतात आणि फळ चवीला कसे लागते, हे तिथे विचारले जात नाही.