काय बदलायचं, काय राखायचं

मंडळी, गंगाखेडची मुलंही आता शिकायला परदेशी जातात. निघताना आपण बजावतो, 'बदलू नकोस बरं का!' ही धास्ती जुनीच आहे.

१८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. शब्द पाळलाही. पण तिथल्या थंडीत त्या नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि ख्रिस्ती झाल्या. शाकाहार मात्र सोडला नाही, आणि धर्माधिकाऱ्यांशी वाद घालणंही!

एकीनं धर्म राखून नेसण बदललं. दुसरीनं धर्म बदलून राहणी राखली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा समारंभाला रमाबाई हजर होत्या.

यातली खरी आपली कोण? माझ्या मते दोघीही. काय बदलायचं, काय राखायचं, हे ज्याचं त्यानं ठरवणं, यातच माणसाची ओळख असते. आपली जनाबाई इथून गेली, पंढरपुरात नामदेवांच्या घरी वाढली; तरी ती गंगाखेडचीच ना? मग पोरांवरच अविश्वास का?